मोतीबिंदूच्या ऑपरेशनात लेझरने घेतलेले छेद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनची तारीख ठरली की घरात एक चर्चा हमखास होते: लेझरचे जादा पैसे भरायचे की नाही? त्या चर्चेतून आमच्याकडे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर बुबुळावरच्या छेदांवर आहे, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तेच असतात आणि समजावून मात्र सगळ्यात कमी सांगितले जातात. एकाच उत्तरात सगळं कोंबण्याऐवजी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून डोळा तपासून होत नाही, एवढं गृहीत धरा.

१. आमच्या गावात सगळेच ‘लेझरने मोतीबिंदू काढला’ म्हणतात. मग हा वेगळा लेझर कोणता?

सगळे म्हणतात ते बहुतेक वेळा फेको असतं, आणि फेकोत लेझर नसतो. पेनाएवढ्या उपकरणाच्या टोकाची सुई अल्ट्रासाउंडने थरथरते, मोतीबिंदू फोडते आणि ओढून घेते. अमेरिकेत चार्ल्स केल्मन यांनी ही पद्धत १९६७ मध्ये सुरू केली. छेद लहान, टाका नाही, त्याच दिवशी घरी. म्हणून लोकांनी तिला लेझर ठरवलं आणि काही दवाखान्यांनी तो गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात लेझर खरोखर लागतात, पण वेगवेगळ्या कामांना. चष्म्याचा नंबर घालवायला एक्सायमर लेझर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या भिंगामागचा पापुद्रा धुरकट झाला तर त्यात भोक पाडायला यॅग लेझर. आणि खुद्द ऑपरेशनच्या सुरुवातीच्या पायऱ्यांना फेम्टोसेकंद लेझर. हे पान या शेवटच्याबद्दल आहे. तोही मोतीबिंदू बाहेर काढत नाही. तो पारपटलावर (बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर) छेद घेतो, मोतीबिंदू झालेल्या भिंगाच्या पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतो आणि मोतीबिंदूत चिरा पाडून ठेवतो. पुढे फेको करावंच लागतं.

२. मोतीबिंदू आत असतो ना? मग बुबुळाला छेद कशाला?

आत जायला दार लागतं म्हणून. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक भाग असतो तो पारपटल, म्हणजेच कॉर्निया. भिंग त्याच्या मागे, बाहुलीच्याही मागे असतं. फेकोची सुई पारपटलाच्या कडेने आत जाते.

एका ऑपरेशनात साधारण तीन प्रकारचे छेद असू शकतात. मुख्य छेद २.२ ते २.८ मिमी रुंद. यातूनच सुई जाते आणि घडी घातलेलं नवं भिंगही आत सरकवतात. बाजूचे एक-दोन छेद १ मिमीच्या आसपास, दुसऱ्या हातातल्या बारीक उपकरणासाठी. तिसरा प्रकार म्हणजे कमानीसारखे छेद. ते आरपार जात नाहीत, आत जाण्याशी त्यांचा संबंधच नाही. सिलिंडरचा नंबर कमी करण्यासाठी ते असतात (प्रश्न ८).

आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत हा छेद १० ते १२ मिमीचा असे, टाके पडत आणि कित्येक दिवस हालचालीवर बंधनं असत. त्या आठवणींमुळे आजही घरातली वडीलधारी मंडळी ऑपरेशनला घाबरतात. त्यांना मिलिमीटरचा हा फरक सांगा. धीर देण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

३. ब्लेड नाही, तर लेझर कापतो कसा? डोळा भाजत नाही का?

एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. लेझरचा प्रत्येक ठोका अशा काहीशे फेम्टोसेकंदांचा असतो. प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, सुमारे १०३० ते १०५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. पारदर्शक पारपटलातून तो पार जातो आणि जिथे त्याचा केंद्रबिंदू साधलेला असतो तिथेच परिणाम करतो. त्या बिंदूवर पेशीजालाचा सूक्ष्म कण वायुरूप होऊन बुडबुडा तयार होतो. वेळ इतका कमी असतो की उष्णता शेजारी पसरायला फुरसतच मिळत नाही.

असे हजारो बिंदू शेजारी शेजारी पाडले की पोस्टाच्या तिकिटांच्या पानावर छिद्रांच्या ओळी असतात तसा पृष्ठभाग तयार होतो. म्हणूनच लेझर झाला की छेद ‘उघडा’ नसतो. दोन बिंदूंमध्ये पेशीजालाचे बारीक धागे शिल्लक असतात आणि डॉक्टर बोथट, चपट्या स्पॅट्युलाने ते सोडवतात. धागे जाड राहिले तर इथेच अडतं (प्रश्न १३).

४. हे तंत्र आलं कुठून? प्रयोग तर चालू नाहीत ना आमच्यावर?

प्रयोगाचा काळ मागे पडला आहे. इतके छोटे आणि तरी शक्तिशाली ठोके तयार करण्याची युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात शोधली. त्यासाठी त्यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुरू पुढे मिशिगन विद्यापीठात गेले. तिथल्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून हा लेझर गेला आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना दृष्टिपटलावर विलक्षण रेखीव, आजूबाजूला न पसरलेली जखम दिसली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत याचा उपयोग करता येईल, हा विचार तिथून पुढे गेला.

आधी हा लेझर लॅसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनात, पारपटलाची चकती उचलण्यासाठी वापरात आला. मोतीबिंदूसाठी माणसाच्या डोळ्यावर पहिला वापर २००८ मध्ये बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठात झोल्तान नॉज यांनी केला. लेन्सएक्स, कॅटॅलिस, लेन्सार, व्हिक्टस ही नावं तुम्हाला माहितीपत्रकात दिसतील. ती यंत्रांची नावं आहेत, ऑपरेशनचे वेगवेगळे प्रकार नव्हेत.

५. ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय होतं? दुखतं का?

बाहुली मोठी करायचे आणि डोळा बधिर करायचे थेंब घालतात. लेझरमुळे बाहुली पुन्हा आकसू शकते, म्हणून सूज रोखणारे थेंबही आधीपासून सुरू असतात; ते चुकवू नका.

मग तुम्हाला लेझरखाली झोपवतात आणि डोळ्यावर एक कडं बसवून हलक्या निर्वाताने डोळा धरून ठेवतात. याला डॉकिंग म्हणतात. इथे दाब जाणवतो, नजर काही क्षण अंधारते आणि माणूस दचकतो. आधीच सांगून ठेवतो: हे अपेक्षित आहे, हलू नका. पडद्यावर ओसीटीचं, म्हणजे प्रकाशाने घेतलेलं डोळ्याच्या थरांचं, चित्र दिसतं, डॉक्टर प्रत्येक रेषेची जागा तपासतात आणि पायडल दाबतात. लेझर स्वतः साधारण मिनिटभरात आटोपतो. पिशवीची खिडकी आणि मोतीबिंदूच्या चिरा आधी पाडतात, पारपटलाचे छेद शेवटी, म्हणजे तोवर डोळ्याला बाहेरून छेद नसतो.

त्यानंतर कडं काढून तुम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली आणतात, काही ठिकाणी दुसऱ्या खोलीत नेतात, आणि नेहमीचं ऑपरेशन होतं. म्हणजे एकूण वेळ कमी होत नाही, वाढतो. ‘पाच मिनिटांत लेझरने’ असं कोणी सांगितलं तर प्रश्न १ पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर तो बहुधा त्या कड्याचा असतो. दिसायला भयंकर, पण आठ-पंधरा दिवसांत जातो.

६. हाताने घेतलेल्या छेदापेक्षा लेझरचा छेद चांगला असतो का?

अधिक एकसारखा असतो. अधिक चांगला असतो असं म्हणायला पुरावा कमी आहे.

चांगला छेद म्हणजे काय, ते आधी पाहू. तो सरळ भोक नसतो. तिरका, पायरीपायरीने आत जाणारा बोगदा असतो. आतल्या दाबाने त्याचा आतला ओठ बाहेरच्या ओठावर दाबला जातो आणि दार आपोआप मिटतं. टाका न लागण्याचं कारण हेच. बोगद्याची लांबी रुंदीच्या जवळपास असली तर तो घट्ट मिटतो. आखूड झाला तर गळतो, बुबुळाचा रंगीत पडदा त्यातून बाहेर डोकावतो. फार लांब झाला तर आतली सुई वळवताना पारपटलाला सुरकुत्या पडतात आणि डॉक्टरला नीट दिसत नाही.

लेझरवर हे सगळं आकड्यांत बसवता येतं: किती रुंद, किती लांब, कोणत्या अंशाने, किती पायऱ्या. शंभराव्या डोळ्यालाही तोच आकार मिळतो. पण धारदार केराटोम, म्हणजे छेद घ्यायचं ब्लेड, हातात घेतलेला सरावाचा सर्जन काही सेकंदांत जो छेद घेतो, तोही बहुतेक वेळा तितकाच उत्तम मिटतो. शिवाय छेद रक्तवाहिन्यांच्या किती जवळ घ्यायचा, डोळा किती खोल आहे, हे तो घेता घेता जुळवून घेतो. लेझरला ही मुभा नाही.

संपूर्ण लेझर पद्धतीची साध्या फेकोशी तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनमधल्या फॅक्ट चाचणीत ७८५ रुग्ण होते. फ्रान्समधली फेमकॅट चाचणी पाच विद्यापीठ रुग्णालयांत झाली. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांनंतरच्या नजरेत फरक पडला नाही, फ्रान्समध्येही लेझर सरस ठरला नाही, आणि खर्चाच्या मानाने लेझर परवडत नाही असंच दोन्हींचं म्हणणं पडलं. या चाचण्या फक्त छेदांच्या नव्हत्या, हे खरं. पण नजर जर तेवढीच येत असेल, तर मुख्य छेद लेझरने घेतला म्हणून रुग्णाला घरी नेण्यासारखं काय मिळालं, हा प्रश्न उरतोच. माझं मत विचाराल तर नुसत्या मुख्य छेदासाठी लेझरचे पैसे देऊ नयेत. सिलिंडरचा मुद्दा वेगळा आहे, तो प्रश्न ८ मध्ये.

७. ‘ब्लेडलेस’ म्हणून पैसे भरले, आणि डिस्चार्ज कार्डावर छेद केराटोमने घेतल्याचं लिहिलंय. फसवणूक झाली का?

लगेच तसं समजू नका. लेझर विकत घेतलेले कितीतरी सर्जन खिडकी आणि चिरा लेझरने पाडतात आणि मुख्य छेद मात्र मुद्दाम ब्लेडने घेतात. कारणं प्रश्न ६ आणि १३ मध्ये आहेत. वैद्यकीयदृष्ट्या त्यात काही गैर नाही, उलट बऱ्याचदा तोच शहाणपणा असतो. गैर आहे ती जाहिरात.

पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ‘माझ्या डोळ्यात लेझर नेमक्या कोणत्या पायऱ्या करणार आहे?’ उत्तर समुपदेशकाकडून नको, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्या आणि संमतिपत्रावर लिहून मागा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

८. मला सिलिंडरचा नंबर आहे. तो लेझरच्या छेदाने जातो म्हणतात, खरं का?

काही प्रमाणात, आणि लेझरच्या छेदांचा सगळ्यात खरा उपयोग इथेच आहे.

सिलिंडरचा नंबर म्हणजे पारपटलाचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसणं. एका दिशेला तो जास्त उभार असतो, तिच्या काटकोनात कमी. जास्त उभार असलेल्या दिशेवर, कडेजवळ, कमानीसारखा छेद घेतला की तिथला बाक थोडा सपाट होतो आणि काटकोनातला थोडा वाढतो. हाताने हे छेद पूर्वीपासून घेतले जातात. अडचण खोलीची. पारपटल मध्यभागी सुमारे अर्धा मिमी जाड असतं, कडेकडे थोडं जास्त. त्याच्या ८०-८५ टक्के खोलीपर्यंत जायचं आणि आरपार मात्र जायचं नाही, तेही संपूर्ण कमानभर सारखं. हात कितीही स्थिर असला तरी हे अवघड. लेझर मात्र त्या डोळ्याची जाडी ओसीटीवर मोजून त्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच जातो. काही डॉक्टर तर वरचा थर न उघडता आतल्या आतच कमान आखतात.

तरी आकडा डोक्यात ठेवा. अर्धा डायॉप्टर (नंबराचं माप) किंवा त्याहून कमी सिलिंडर असेल तर सहसा काहीच करावं लागत नाही. अर्धा ते सव्वा डायॉप्टरच्या टापूत कमानी छेदांचा विचार होतो. त्याच्या वर टोरिक भिंग, म्हणजे सिलिंडरची ताकद कोरलेलं भिंग (प्रश्न ९).

मुख्य छेदानेही पारपटल किंचित सपाट होतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. तो सहसा कानाकडच्या बाजूला घेतात. पारपटल उभ्यापेक्षा आडवं जास्त रुंद असल्याने तिथला छेद मध्यापासून लांब पडतो आणि नंबर कमी बिघडवतो.

९. टोरिक भिंग चांगलं की लेझरचे कमानी छेद?

सव्वा-दीड डायॉप्टरच्या वर वाद नाही, टोरिक. भिंगात कोरलेली ताकद जखम भरण्यावर अवलंबून नसते. छेदाचा परिणाम मात्र वयावर, पारपटलाच्या ताठरपणावर, जखम कशी भरते यावर ठरतो. सारखाच छेद दोन माणसांत सारखं फळ देईलच असं नाही. आता कमी ताकदीची टोरिक भिंगंही मिळतात, त्यामुळे एक डायॉप्टरच्या आसपासही अनेक सर्जन टोरिककडेच वळतात. मीही त्यांच्यातलाच.

टोरिकलाही अचूकता लागते. भिंग ठरल्या अक्षापासून एक अंश फिरलं की त्याचा सुमारे ३.३ टक्के परिणाम वाया जातो. ३० अंश फिरलं तर सिलिंडर दुरुस्तीचा काहीच फायदा उरत नाही. छेदांच्या जागेलाही हेच लागू. गंमत अशी की माणूस झोपला की डोळा खोबणीत काही अंश फिरतो. म्हणून खुणा तुम्हाला बसवून करतात. ऑपरेशनच्या आधी कोणी बसवून शाईने खूण केली नाही, तर यंत्र बुबुळाच्या नक्षीवरून अक्ष जुळवतं का, ते विचारायला हरकत नाही.

१०. ऑपरेशननंतर सिलिंडर उलट दिशेने आला. असं होतं का?

होतं. तीन कारणं मी वारंवार पाहतो. एक, मोजणी पारपटलाच्या पुढच्या पृष्ठभागाचीच झाली, मागचा धरला नाही. डग्लस कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की मागचा पृष्ठभाग बहुतेक डोळ्यांत आडव्या दिशेने सरासरी ०.३ डायॉप्टरची भर घालतो. उभ्या दिशेचा सिलिंडर पुढून मोजलेल्या आकड्याप्रमाणे पूर्ण काढला तर तो पलटतो. दोन, हाताच्या छेदांसाठी केलेलं जुनं कोष्टक जसंच्या तसं लेझरला लावलं. लेझरची कमान सहसा मध्याच्या थोडी जवळ, ८-९ मिमी व्यासावर असते, म्हणून तिचा परिणाम जास्त. लांबी कमी करावी लागते. तीन, मोजणीच्या दिवशी डोळा कोरडा होता किंवा कॉन्टॅक्ट लेन्स नुकतीच काढलेली होती.

वय वाढतं तसा पारपटलाचा बाक आपोआप आडव्या दिशेकडे झुकत जातो. म्हणून जाणते सर्जन उभ्या दिशेचा थोडासा सिलिंडर मुद्दाम शिल्लक ठेवतात. ‘पूर्ण शून्य’ करून देतो म्हणणाऱ्यापेक्षा असं सांगणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा.

११. टाका नाही म्हणता, मग डोक्यावरून अंघोळ, चूल, शेतातलं काम कधीपासून?

लेझरचा छेद असो वा ब्लेडचा, नियम सारखेच. मानेखालून अंघोळ दुसऱ्या दिवसापासून. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, साधारण दोन आठवडे. नेमके दिवस तुमचे डॉक्टर सांगतील. टीव्ही, मोबाइल, वाचन लगेच चालतं. चुलीचा धूर, मळणीची धूळ, गोठ्याचं काम किमान तीन-चार आठवडे टाळा. काजळ आणि सुरमा तर नकोच. रात्री झोपताना प्लास्टिकचं कवच लावा, कारण झोपेत डोळा चोळला जातो आणि मिटलेला छेद उघडायला तेवढं पुरतं. थेंब सहसा चार ते सहा आठवडे चालतात. कमानी छेद असतील तर पारपटलाच्या काही नसा कापल्या जातात आणि डोळा काही महिने कोरडा वाटू शकतो. त्याला अश्रूंसारखे थेंब असतात.

१२. छेद मिटला नाही तर? जंतुसंसर्गाची भीती लेझरने कमी होते का?

कमी होते असं ठामपणे सांगता येणार नाही. संसर्ग रोखण्याचं खरं काम ऑपरेशनपूर्वीचं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक आणि शेवटी डोळ्याच्या आत दिलेलं प्रतिजैविक करतं. यातल्या सेफुरोक्झिमचा उपयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासाने दाखवला. आपल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन जास्त वापरतात.

छेद मिटला का, हे सर्जन टेबलावरच पाहतात. कडांमध्ये सलाइन भरून त्या फुगवतात, कोरड्या स्पंजने दाबून बघतात, शंका असेल तर पिवळ्या रंगाचा थेंब घालून गळती तपासतात. तरीही गळत असेल तर एक टाका घालतात. लेझरचे पैसे भरूनही टाका पडला म्हणून नातेवाईक रागावतात, पण तो टाका म्हणजे सर्जनने घेतलेली काळजी आहे. घरी गेल्यावर दुखणं वाढलं, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा अंधुक झाली तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच फोन करा.

१३. आजोबांच्या बुबुळाभोवती पांढरट कड आहे. डॉक्टर म्हणाले लेझर नको. का?

बरोबर सांगितलं. लेझर पारदर्शक भागातूनच जातो. वयोमानाने येणारी ती कड, म्हणजे आर्कस, नजरेला त्रास देत नाही, पण प्रकाश अडवते. तिच्याखालचा छेद तुटक राहतो, धागे सुटत नाहीत आणि ओढाताण होते. कड टाळायला छेद आत सरकवला तर तो मध्याच्या जवळ येतो आणि सिलिंडर वाढवतो. दोन्हीकडून तोटा.

जुन्या जखमेचा किंवा फुलाचा डाग, नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेलं मांस, फार खोल डोळे, न उघडणाऱ्या पापण्या, मानेचा किंवा हातांचा कंप, पाठीच्या बाकामुळे सरळ झोपता न येणं, सूचना न समजणं: या सगळ्यांत साधं फेको किंवा लहान छेदाची हाती शस्त्रक्रिया जास्त सोयीची. थेंब घालूनही बाहुली उघडत नसेल तर लेझरची खिडकी पाडता येत नाही, मग नुसत्या छेदांसाठी डॉकिंग करण्यात अर्थ नाही.

१४. शिबिरात फुकट होणाऱ्या ऑपरेशनात लेझर नसतो. ते कमी दर्जाचं का?

नाही. शिबिरांत आणि सरकारी रुग्णालयांत बहुधा लहान छेदाची हाती शस्त्रक्रिया होते. तिचा सहा-सात मिमीचा बोगदा पारपटलात नसतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागात असतो, आणि तोही बिनटाक्याचा मिटतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात फेको आणि या शस्त्रक्रियेची ४०० डोळ्यांवर तुलना झाली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी चष्म्यासह नजर दोन्हींकडे जवळपास सारखी होती. बिनचष्म्याची नजर फेकोत थोडी सरस, कारण मोठ्या छेदाने सिलिंडर थोडा जास्त येतो. पिकून दगड झालेल्या मोतीबिंदूत तर अनेक सर्जन हीच पद्धत निवडतात. वडिलांना लेझर परवडत नाही म्हणून ऑपरेशन लांबवत असाल, तर आजच शिबिरात नाव घाला.

१५. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद कराव्या लागतात का?

पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिथला छेद रक्ताळत नाही. थेंबांच्या भुलीखाली होणाऱ्या ऑपरेशनला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सहसा चालू ठेवतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्याने तर मुळीच नाही. डॉकिंगच्या कड्यामुळे लाल डाग थोडा मोठा पडेल इतकंच. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर ते मात्र आवर्जून सांगा, बंद केली असली तरी. त्या गोळीमुळे बुबुळाचा पडदा सैल पडून बाहुली ऑपरेशनमध्येच आकसते.

१६. मला काचबिंदूही आहे. लेझर चालेल का?

डॉकिंगच्या वेळी डोळ्यातला दाब काही मिनिटं वाढतो. डोळ्याची निरोगी नस ते सहन करते. नस आधीच बरीच सुकलेली असेल तर तो धोका कशाला घ्या, असं माझं मत. काचबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर पाण्याचा फुगा केलेला असेल तर कडं त्यावर बसवायचं नसतं. थेंबांवर आटोक्यात असलेल्या सौम्य काचबिंदूत निर्णय डोळ्यागणिक घेतात.

१७. विमा कंपनी लेझरचे पैसे देते का?

पॉलिसी काढून पाहा. बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला प्रति डोळा वेगळी मर्यादा असते आणि पहिली दोन वर्षं प्रतीक्षाकाळ असतो. लेझरची जादा रक्कम त्या मर्यादेबाहेर गेली की ती तुमच्या खिशातून. आणखी एक खाच: ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी चष्म्याच्या नंबरावरचे उपचार प्रमाणित अटींत वगळलेले असतात. त्यामुळे मोतीबिंदूचा दावा मंजूर होतो आणि बिलात ‘सिलिंडरसाठी छेद’ अशी वेगळी ओळ दिसली की तेवढी रक्कम कापली जाऊ शकते. पूर्वमंजुरीच्या पत्रात लेझरचा उल्लेख आहे का, ते दाखल होण्याआधी बघा.

१८. लेझर चालू असताना मी खोकलो किंवा वीज गेली तर?

कड्याची पकड सुटली की लेझर आपोआप थांबतो. छेदांच्या टप्प्यावर असं झालं तर काहीच बिघडत नाही. राहिलेला छेद ब्लेडने घेतात. पिशवीच्या खिडकीच्या वेळी झालं तर प्रकरण नाजूक. अर्धवट खिडकीची कड फाटू शकते, म्हणून सर्जन पुन्हा आंधळेपणाने डॉकिंग करत नाहीत, उरलेली खिडकी सावकाश हाताने पूर्ण करतात. म्हणजे ज्याला हाताने सगळं ऑपरेशन उत्तम करता येतं, त्याच सर्जनच्या हातात लेझर असावा. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला.

१९. वीस-तीस वर्षांपूर्वी नंबर घालवायचं ऑपरेशन केलं होतं. आता मोतीबिंदू झालाय. लेझरचे छेद चालतील?

कोणतं ऑपरेशन, यावर ठरेल. लॅसिक झालं असेल तर आत जायचा छेद सहसा अडचण करत नाही. खरी पंचाईत भिंगाची ताकद काढताना होते, कारण नेहमीची सूत्रं अशा पारपटलावर चुकतात. सर्जनला आधी सांगा म्हणजे ते वेगळी सूत्रं वापरतील. कमानी छेद मात्र लॅसिक झालेल्या पातळ पारपटलावर टाळलेले बरे. शंकूसारखं पुढे आलेलं पारपटल, म्हणजे केराटोकोनस असेल तरीही तेच.

१९८० आणि ९० च्या दशकांत आपल्याकडेही आर. के. ऑपरेशनं झाली. त्यात पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे चार, आठ, कधी सोळा खोल छेद घेत. ते वर्षानुवर्षं पूर्ण मजबूत होत नाहीत. नवा छेद जुन्याला छेदून गेला तर जुना उसवतो, आणि डॉकिंगच्या दाबानेही ते उघडण्याचा धोका असतो. अशा डोळ्यात बहुतेक सर्जन लेझर बाजूला ठेवतात. दोन आऱ्यांमध्ये पुरेशी जागा असेल तरच पारपटलातून जातात, नाहीतर पांढऱ्या भागातून बोगदा करतात. जुने कागद हरवले असले तरी चालेल, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, ते आरे स्पष्ट दिसतात. पण ऑपरेशन केल्याचं तोंडी तरी सांगा, कारण बरेच जण ‘तेव्हा लेझरने नंबर काढला होता’ एवढंच सांगतात आणि तपासणाऱ्याला लॅसिकच झालं असं वाटतं.